पहिल्या राशीचं मीठ

वहिनी, तू गेलीस म्हणून मी वाद सोडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेराव्याला आलेल्या माणसांनी तुझ्याबद्दल इतकं गोड बोलून घेतलं की ऐकता ऐकता मला तुझाच राग आला. लीलाबाई म्हणजे देवमाणूस. लीलाबाईने कधी कुणाला दुखवलं नाही. कुणाला दुखवलं नाही? आपल्या शेडमध्ये रोज सकाळी मला टोचून बोलल्याशिवाय तुझा दिवस सुरू होत नव्हता. माणूस मेला की त्याला सगळेच बरोबर ठरवतात. मी ठरवणार नाही. तू जिथे जिथे चुकलीस तिथे तिथे अजूनही चुकलेलीच आहेस, आणि आज मी तुझ्याशी उरलेलं भांडण भांडायला बसलो आहे.

त्या गर्दीत मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं, मीठ धुता म्हणजे नेमकं काय करता हो, मीठ पाण्यात विरघळत नाही का? असे प्रश्न नेहमी तुझ्या वाट्याचे. तू कमरेवर हात ठेवून सांगायचीस की मिठागरातून आलेला खडा वरून पांढरा दिसला तरी त्याच्या अंगाला खाडीचा चिखल आणि कडू खार असतो, आणि म्हणून तो पावसाळ्यात पाझरतो. गोड्या पाण्याने धुतला तर चिखलाबरोबर मीठही जाईल. म्हणून मिठाने आधीच पोट भरलेल्या पाण्याने मीठ धुवायचं. पोट भरलेलं पाणी आणखी मीठ खात नाही, मळ तेवढा घेऊन जातं. मी पाहुण्याला हे सगळं सांगितलं, पण तुझ्यासारखं रंगलं नाही. मग तो म्हणाला, आणि ते ओलं मीठ कोरडं कसं करता? तेव्हा मी वाढायला उठलो. त्या एका प्रश्नावर तू आणि मी बारा वर्षं भांडलो होतो, आणि तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मला ते उकरून काढायचं नव्हतं.

दादा गेला तेव्हा तुझा रोशन दहा वर्षांचा होता. पेणच्या खाडीकाठी त्याने मीठ धुण्यासाठी बांधायला घेतलेली शेड अर्धी उभी होती, वर पत्रे चढायचे होते. सगळ्यांनी तुला माहेरी जा म्हणून सांगितलं. तू चौदाव्या दिवशी पदर खोचून शेडमध्ये आलीस आणि मला निरोप पाठवलास की भावजींना म्हणावं, दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करता तर घरचंही एखादं करा. मी डिप्लोमा करून औद्योगिक वसाहतीत शिफ्ट भरत होतो. आलो. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, नंतर तीही शेडमध्ये पिशव्या शिवायला बसली.

आपलं पहिलं सेंट्रिफ्यूज मी एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातून उचलून आणलं. एक उभं पिंप, त्याच्या आत भोकाभोकांचा डबा. डब्यात ओलं मीठ भरायचं, झाकण लावायचं आणि डबा फिरवायचा. फिरण्याच्या जोराने पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि मीठ आतल्या भिंतीला चिकटून राहतं. मग डबा थांबेपर्यंत वाट बघायची, झाकण काढायचं आणि लाकडी फावड्याने मीठ खरवडायचं. मी हे पाटीवर चित्र काढून बायांना समजावत होतो. तू मागून म्हणालीस, "धुतलेली भाजी फडक्यात बांधून गरगर फिरवतो ना आपन, तसाच." बायांना कळलं. मी पाटी पुसून ठेवली.

मीठ कोरडं झालं की नाही हे बघायला मी एक यंत्र आणलं होतं, चिमूटभर मीठ टाकलं की ओल सांगणारं. तू मूठभर मीठ घेऊन दाबायचीस आणि मूठ उघडायचीस. गोळ्यावर बोटांचे ठसे राहिले तर ओलं, उघडताच सुटं झालं तर कोरडं. यंत्राला पाच मिनिटं लागायची, तुला तेवढ्यात दोन मुठी आणि माझी टिंगल, दोन्ही व्हायचं. यंत्राचं आणि तुझं उत्तर वेगळं आलं की तू यंत्राकडे बोट दाखवून म्हणायचीस, या पोराचं काही खरं नाही, त्याला सर्दी झालेली दिसते.

आता भांडणाकडे येतो. ते मशीन दर खेपेला थांबायचं, आणि मला ते थांबणं बघवत नव्हतं. भरा, फिरवा, थांबवा, खरवडा, पुन्हा भरा. दिवसातला निम्मा वेळ मशीन थांबण्यात आणि सुटण्यात जायचा. एकदा घाईघाईत डबा पुरता थांबायच्या आत कमळने फावडं आत घातलं. फावड्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा तिच्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. कमळ तुझ्याबरोबर मिठागरावर वाढलेली, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती त्या दिवशी पुन्हा पिंपाजवळ गेली नाही. मी त्याच संध्याकाळी सांगितलं की आता न थांबणारं मशीन घ्यायचं, ज्यात एका बाजूने ओलं मीठ आत जातं, दुसऱ्या बाजूने कोरडं बाहेर येतं आणि कुणालाही आत हात घालावा लागत नाही.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "भावजी, जी मशीन थांबत नाय, ती बायांना कवा थांबू देनार?"

मला तेव्हा हे बोलणं अडाणीपणाचं वाटलं, आणि मी तसं म्हणालोही. तू तीन दिवस मला चहा दिला नाहीस. पण तू काय बघत होतीस ते मलाही दिसत होतं. डबा मंदावल्याचा आवाज आला की सात बाया एकदम बाकावर टेकायच्या. कुणी पाणी प्यायची, कुणी पायांना तेल चोळायची, खारात भेगाळलेल्या टाचांना दुसरं औषध नव्हतंच. एकीने सासूचं गाऱ्हाणं सुरू करायचं आणि ते पुढच्या थांब्याला संपायचं. त्यांना सुट्टी मी कधी दिली नव्हती, त्या मोडक्या मशीनने दिली होती. तरीही मी म्हणत होतो आणि आजही म्हणतो की विश्रांती मशीनच्या अवगुणावर टांगून ठेवायची नसते. माणसाने माणसाला ती द्यायची असते. यावर तू म्हणायचीस, माणूस देत नाही म्हणून तर. इथे आपला वाद दर वेळी अडायचा.

बारा वर्षांत किती मशीनवाले आले आणि गेले. मी त्यांची माहितीपत्रकं जमवायचो, तू त्यांना चहा द्यायचीस आणि प्रश्न विचारून घाम फोडायचीस. एक जण चकचकीत बूट घालून आला, तो डिकँटर विकत होता. बंद पिंप, जाळी नाही, आत मळसूत्र. जड ते भिंतीला बसतं आणि मळसूत्र ते एका टोकाला ढकलत नेतं, पाणी दुसऱ्या टोकाने जातं. सांडपाण्याचा गाळ, मासळीची कुटी, असल्या बारीक आणि चिकट मालाला उत्तम. तू त्याला विचारलंस, तुमच्या मशीनमधून निघालेला माल मुठीत दाबला तर काय होतं? तो प्रामाणिक निघाला, म्हणाला गोळा होतो. "मंग दादा, ह्यो मीठ हाय, गाल नाय," असं म्हणून तू त्याला आणखी एक कप चहा दिलास आणि बाहेरची वाट दाखवलीस. तिथे तू बरोबर होतीस. जाळीतून पाणी निथळू देणारं मशीनच खड्यांना चालतं. मी हे पुस्तकात वाचून सांगितलं असतं, तू मुठीने सांगितलंस.

मांडव्याहून बोटीने मुंबईला मशीनचं प्रदर्शन बघायला गेलो होतो, आठवतं? गेटवे येईपर्यंत तू कठड्याला धरून उभी होतीस. समुद्राकडे बघून म्हणालीस की एवढं मीठ पडलंय आणि धुणारी माणसं आपणच आठ-दहा. प्रदर्शनात मला पुशर नावाचं मशीन दाखवलं आणि मी पागल झालो. त्याचा डबा आडवा, जाळीचा, सतत फिरणारा. मागून मीठ आणि पाण्याची दाट रबडी आत पडते, जाळीवर तिचा थर बसतो, पाणी निथळून जातं. आतली एक तबकडी पुढे-मागे, पुढे-मागे होत तो थर बोटभर बोटभर पुढे सरकवते आणि तोंडाशी कोरडं मीठ गळत राहतं. खडे मोडत नाहीत, कारण त्यांना कुणी घुसळत नाही. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस की आपण वाफ्यात फळीने मीठ ओढतो तेच हे करतंय, फक्त याची कंबर दुखत नाही. मला वाटलं, जिंकलो.

तिथेच त्याच कंपनीचं दुसरं एक होतं, मळसूत्रवालं, पण डिकँटरसारखं बंद नाही. शंकूच्या आकाराची जाळी आणि तिच्या आत थोड्या वेगळ्या गतीने फिरणारं मळसूत्र. ते पातळ रबडीही चालवून घेतं, बारीक मीठही. पण मळसूत्र मिठावर घासतं, म्हणून थोडे खडे मोडतात आणि जाळी लवकर झिजते. खडे मोडतात म्हणताच तू तोंड फिरवलंस. वाफ्यात एकेक खडा वाढवायला किती उन्हं लागतात हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक, असं तू म्हणालीस. तेव्हा त्या मशीनकडे आपण दोघांनीही पुन्हा वळून बघितलं नाही.

मग या माघात चाचणीचा दिवस आला. पनवेलच्या पुढे, पुशर बनवणाऱ्या त्या कंपनीच्या कारखान्यात. वहिनी, आता ती गोष्ट सांगतो जी तुला सांगायची राहिली. खरं तर राहिली नाही, मी ठेवली.

चूक माझ्या बोलण्यापासून सुरू झाली. मी तुला म्हणालो, सोमवारी मशीन बघायला जायचंय, चार गोणी मीठ बरोबर घे. बघायला जायचं म्हटल्यावर तू काय करणार? आपल्या आगऱ्यांच्या घरात हंगामाच्या पहिल्या राशीचं मीठ आधी गावदेवीला, मग लेकीबाळींच्या घरी जातं. तू त्याच राशीतून चार गोणी भरल्यास. कमळला घेऊन दोन दिवस बसून त्यातले काळे खडे वेचून काढलेस. हिरवी साडी नेसलीस, नथ घातलीस. कारखान्यात गोण्यांची तोंडं उघडली आणि आतलं टपोरं, शुभ्र मीठ बघून मला माझी चूक कळली.

कारण चाचणीला आपला रोजचा माल न्यायचा असतो. खरं तर सगळ्यात वाईट माल न्यायचा असतो. वैशाखाच्या शेवटी उधाणाचं पाणी बांधावरून येतं, घाईघाईत ओढलेलं मीठ बारीक आणि चिखलाने काळं असतं. मशीन त्या मिठावर चाललं तर वर्षभर चालेल. कंपनीचा इंजिनीअर गोणीत हात घालून म्हणाला, असं मीठ मी गुजरातच्या किनाऱ्यावरही बघितलं नाही. तुझा चेहरा असा फुलला की लग्नाच्या फोटोतही नसेल. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी डिप्लोमावाला. मला माहीत होतं. पण माझीही छाती फुगली होती, वहिनी. आपल्या घरच्या मिठाला परका माणूस नावाजत होता आणि मला त्याला अडवावंसं वाटलं नाही. पुशर सुरू झालं आणि तोंडातून मीठ असं झरझर गळायला लागलं की तू मूठ दाबून उघडलीस, तर हातात काहीच उरलं नाही.

परतताना वडखळच्या गर्दीत टेम्पो अडकला होता. मी धीर करून एवढंच म्हणालो की पुढच्या वेळी साधं मीठ न्यायला हवं. तू हसलीस. "लोकांच्या दारी जावाचा त चांगला नेवाचा. पोरगी दाखवताना शेनाचे हात दाखवतान का?" थोड्या वेळाने तू विचारलंस की आपलं सगळं मीठ असंच निघेल ना, शेवटचंही? आणि मी हो म्हणालो. मग तू इतक्या वर्षांनी पहिल्यांदा म्हणालीस, "घ्या मंग."

तुझा तो होकार मी खोटं बोलून मिळवला. मला वाटलं होतं की ऑर्डर देण्याआधी एक दिवस शांतपणे सांगू, पुन्हा चाचणी घेऊ, तू चार शिव्या घालशील, होऊन जाईल. आज सांगू, उद्या सांगू करता करता वैशाख आला. तू दुपारी जेवून चटईवर आडवी झालीस आणि चार वाजता कमळ उठवायला आली तेव्हा उठली नाहीस. याबद्दल मला तुझी माफी मागायची नाही. माफी मागितली की तू लगेच दिली असतीस आणि वर मोठेपणा घेतला असतास. मला फक्त लाज वाटते, ती तुझ्यासमोर कबूल करतो.

सहाव्या दिवशी रोशन माझ्याजवळ येऊन बसला. अठ्ठावीस वर्षांचा झाला, तीन ट्रेलर आहेत त्याचे बंदरात, पण बसला तेव्हा शाळेतून आल्यासारखा बसला. म्हणाला की एक गोदामवाला आपल्या शेडची जागा मागतोय, महिनाअखेरीस उत्तर हवंय. "काका, आई नाय, आता कोनासाठी धुवाचा मीठ?" मी त्याच्यावर ओरडलो नाही. तुझ्या नावावरची जागा आता त्याच्या नावावर होणार, त्याला विचारण्याचा हक्क होता. मी म्हटलं, चाचणीचं मशीन शुक्रवारपर्यंतच त्यांच्या कारखान्यात आहे, नंतर ते दुसरीकडे जाईल. शेडच्या टेम्पोतून मला एकदा तिथे ने. ते चाललं नाही, तर मी स्वतः गोदामवाल्याला फोन करतो.

यावर घरात जो कल्लोळ झाला तो तू ऐकायला हवा होतास. सुतकात कुणी उंबरा ओलांडून मशीन बघायला जातं का? आठव्या दिवशी? भावकीतले म्हातारे म्हणाले, लीलाबाईच्या आत्म्याला काय वाटेल. मी सांगितलं की तिच्या आत्म्याला काय वाटेल ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तिला वाटेल की भावजी उशिरा निघाले. नवऱ्याच्या चौदाव्याला जी शेडमध्ये उभी राहिली तिचं सुतक मी घरात बसून पाळणार नाही. बोलायचं ते बोलून घ्या. ते बोलले, अजूनही बोलतायत. बायकोने मुकाट्याने डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या.

या वेळी मी शेवटच्या राशीत स्वतः फावडं घातलं. बारीक, काळं, बोटांना चिकटणारं मीठ. चार गोणी भरल्या. कमळ बांधावर उभी राहून बघत होती. तिने विचारलं, हे नेणार? हे? तिची मान लाजेने खाली गेली. मलाही लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. लोकांच्या दारी आपली घाण घेऊन जायची हे आपल्या हाडात नाही. पण त्या दिवशी मी मुद्दाम मान वर करून त्या गोण्या टेम्पोत चढवल्या.

इंजिनीअरने गोण्या उघडल्या आणि विचारलं, हे तुमचंच मीठ का? मी म्हटलं, हेच आमचं. त्या दिवशी आणलेलं होतं ते आमच्या वहिनीचं. त्याला तू गेल्याचं कळलं तेव्हा त्याने मशीन सुरू करण्याआधी क्षणभर बटणावरचा हात काढून घेतला. भला माणूस आहे.

पुशर पाच मिनिटं नीट चाललं. मग बारीक मिठाने जाळीच्या फटी बुजायला लागल्या. पाण्याला खाली जायला वाट मिळेना, ते मिठाच्या थरावरूनच वाहत तोंडाशी यायला लागलं. तबकडी ढकलत होती आणि पुढे चिखल पडत होता. मग अख्खं मशीन हादरायला लागलं, पायाखालची फरशी कळण्याइतकं, आणि इंजिनीअरने ते बंद केलं. ज्या मशीनसाठी मी बारा वर्षं तुझ्याशी भांडलो ते आपल्या वैशाखातल्या मिठाने पाच मिनिटांत खाली बसवलं. इंजिनीअर म्हणाला, आधी रबडी घट्ट करणारी वेगळी टाकी लावली, बारीक मीठ वेगळं काढलं, तर हेही जमेल. पण एवढा पसारा तुमच्या शेडमध्ये मावणार नाही. रोशनने निथळलेल्या पाण्यात हात घालून तळाचं बारीक मीठ ओंजळीत काढलं आणि म्हणाला, निम्मं मीठ तर इथूनच चाललंय, काका.

मग मी म्हटलं, ते मळसूत्रवालं लावा. तू आणि मी तोंड फिरवलं होतं ते.

ते चाललं. आवाज कर्कश, बघायला पुशरसारखं देखणं नाही, पण चाललं. एक तास, दोन तास. रबडी पातळ झाली तरी चाललं, दाट झाली तरी चाललं. तोंडाशी पडलेलं मीठ मी यंत्रात टाकायला निघालो, तोवर रोशनने मूठ भरली होती. तुझ्यासारखीच, अंगठा आत घालून. त्याला हे कुणी शिकवलं? मी तर कधी बघितलं नाही. त्याने मूठ उघडली. गोळा क्षणभर उभा राहिला आणि मग सुटा होऊन त्याच्या बोटांतून खाली गेला. दुसऱ्या मुठीलाही तसंच. वहिनी, पहिल्या राशीइतकं कोरडं नाही ते. पण पिशवीत भरण्याजोगं आहे, आणि तेही सगळ्यात वाईट मिठाचं.

मी इंजिनीअरशी जाळीबद्दल बोलत होतो. कुठल्या पोलादाची, खारात किती टिकेल, झिजली की नवी किती दिवसांत येईल, बेअरिंगपर्यंत खारं पाणी पोचणार नाही याची हमी काय. हे सगळं विचारायचं असतं, मी बारा वर्षं पाठ केलं होतं. रोशन मध्येच पुढे आला. हातावरचं मीठ पँटला पुसलं आणि इंजिनीअरला विचारलं, "ह्यो चालू झाल्यावर बाया कवा बसनार?"

इंजिनीअरला कळलं नाही. कोण बाया? रोशनने त्याला सांगितलं, सात बाया, मशीन थांबलं की बाकावर बसणाऱ्या. त्याने हे सांगताना कुठेही आई म्हटलं नाही. मी पाठ फिरवून जाळीकडे बघत राहिलो, कारण मला रडू आलं होतं आणि मी त्या कारखान्यात रडणार नव्हतो.

इंजिनीअर म्हणाला, तुमच्या मिठावर हे मशीन अखंड चालणारच नाही. तीन-चार तासांनी जाळीच्या फटीत मीठ धरेल. तेव्हा वरून मीठ सोडायचं बंद करावं लागेल आणि मशीन फिरत असतानाच आतून पाणी मारून जाळी धुवावी लागेल. पंधरा-वीस मिनिटं. तेवढा वेळ कुणाला काही काम नसेल. मग तो उत्साहाने म्हणाला की याला घड्याळ लावून देतो, ठरल्या वेळी आपोआप धुऊन घेईल, कुणाला बघायलाही नको.

मी म्हटलं, घड्याळ नको.

बटण द्या, म्हटलं. मशीनच्या डोक्यावर नको, ऑफिसात नको. बाकाशेजारच्या खांबावर, कमळच्या खांद्याच्या उंचीवर. जाळी कधी तुंबली ते मशीनच्या आवाजावरून तिला माझ्याआधी कळेल. ती दाबेल तेव्हा मीठ पडायचं बंद होईल, जाळी धुतली जाईल आणि बाया बसतील. इंजिनीअर म्हणाला, आणि तिने उगाच दाबलं तर? रोशन म्हणाला, तर उगाच बसतील.

ऑर्डरच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक माझी. दुसऱ्या जागी आजवर तू घाईने दोन अक्षरं काढायचीस. तिथे रोशनने सही केली आणि गोदामवाल्याला फोन करायला बाहेर गेला. काय बोलला ते मी विचारलं नाही. परत आला आणि म्हणाला, चला काका, भाकरी खाऊ, आई असती तर आत्तापावतो दोनदा ओरडली असती.

मशीन गणपतीनंतर येईल. तुझे खडे थोडे मोडणार आहेत, हे आत्ताच सांगून ठेवतो. तुला ते अजिबात आवडलं नसतं. म्हणून यापुढे पहिल्या राशीचं मीठ नव्या मशीनला लावायचं नाही, असं मी ठरवलंय. ते जुन्या पिंपात, लाकडी फावड्याने, गावदेवीला आणि लेकीबाळींना. याला तू हट्ट म्हण.

आता शेवटचं. पुशर घ्यायचं, हे मी हरलो. वैशाखातल्या मिठापुढे हरलो, तुझ्यापुढे नाही. पण वहिनी, बारा वर्षं तू एवढंच म्हणत राहिलीस की बायांना बसू द्या. बटण त्यांच्या हातात द्या, असं तू एकदाही म्हणाली नव्हतीस. ते तुला सुचलं नाही. ते मला सुचलं. म्हणजे हा वाद मी जिंकलो.

आता दे उलट उत्तर.